डिपेंडंट केअर एफएसएचा क्लेम सारखा परत येत होता: माझा अनुभव

न्यू जर्सीत मुलीच्या डेकेअरसाठी पगारातून करापूर्वीच पैसे कापून डिपेंडंट केअर एफएसए या खात्यात ठेवतो आणि भरलेल्या फीचा क्लेम टाकून ते परत घेतो. क्लेम मात्र तीनदा नामंजूर: ‘पुरावा अपुरा’. कार्डाची पावती, बँक स्टेटमेंट, वटलेला चेक, सगळं पाठवलं. डोकं फिरलं होतं.

गोम अशी, की पैसे कधी भरले ते नव्हे, मूल कधी सांभाळलं ते बघतात. मी १ तारखेला आगाऊ फी भरून लगेच क्लेम टाकायचो. या वेळी आधी महिना संपू दिला. मग डेकेअरकडून पत्र घेतलं: त्यांचं नाव, मुलीचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, रक्कम. फॉर्मवरही त्याच तारखा टाकल्या. चार दिवसांत पैसे आले; अर्थात खात्यात तोवर जमलेले तेवढेच, बाकीचे पुढच्या पगारांनंतर.

डेकेअरचा टॅक्स आयडीही तेव्हाच मागून घ्या, टॅक्स रिटर्नमध्ये फॉर्म २४४१ ला (मूल सांभाळण्याच्या खर्चाचा फॉर्म) लागतो.