पथ्य मोडल्यावर स्वतःवर चिडताय? या चुका टाळा

एखाद्या दिवशी जास्त खाल्ले गेले म्हणून फारसे बिघडत नाही. बिघडते ते लगेच मनात येणाऱ्या विचाराने: 'आज मोडलेच आहे, आता खाऊनच घेऊ; उद्यापासून कडक!' हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांच्या १९७५ मधल्या प्रयोगात खाण्यावर बंधने घालून घेणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला, तर त्यांनी नंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. पुढे २००७ मध्ये अॅडम्स आणि लिअरी यांनी अशाच स्त्रियांना डोनट खायला दिला आणि 'असे सगळेच खातात, स्वतःला फार बोल लावू नका' एवढेच सांगितले. त्यानंतर, असे काही न सांगितलेल्या स्त्रियांपेक्षा, त्यांनी चॉकलेट-गोळ्या कमी खाल्ल्या. अपराधी वाटले की ते विसरायला पुन्हा खाल्ले जाते, हे इथले खरे दुखणे.

म्हणून चूक झाली की ती विशेषणे न लावता सांगा. 'भूक नसताना अर्धे पाकीट संपवले' ही नोंद झाली. 'माझा स्वतःवर ताबाच नाही' हा निकाल. पुढचे जेवण मात्र नेहमीच्या वेळी, नेहमीएवढेच घ्या. भरपाई म्हणून ते गाळलेत, तर काही तासांनी भुकेने जीव कासावीस होतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू.

स्वतःवर माया करणे म्हणजे मोकळे रान नव्हे. लहान मूल दिवसभर गोड मागते म्हणून आपण देत नाही, पण त्याला घालूनपाडूनही बोलत नाही.

सजगपणे खाण्यात वेगळीच गफलत होते: घास मोजून बत्तीस वेळा चावायचा, म्हणजे जेवणाचीच परीक्षा. त्याऐवजी पहिले तीन-चार घास स्क्रीनशिवाय, चवीकडे लक्ष देऊन खा. पोट भरल्याची जाणीव पुरती व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थोडे थांबा.

भुकेला १ ते १० गुण द्या: १ म्हणजे भुकेने कासावीस, १० म्हणजे पोट तुडुंब. ३-४ वर जेवायला बसा, ६-७ वर थांबा. १ वर पोहोचल्यावर सजगता आठवत नाही, तेव्हा वेळ आधीच सांभाळा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र भुकेच्या गुणांवर जाऊ नका, डॉक्टरांनी दिलेली वेळ पाळा.

तल्लफ आली की दहा मिनिटे ती शरीरात कुठे जाणवते ते पाहा. तरीही हवेसे वाटले तर पाकिटातून नको, ताटलीत काढून बसून खा.

ताबा सुटून खाणे, मग उलटी काढणे किंवा कडक उपास हे वारंवार होत असेल, तर हे उपाय पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.