कॅम्परच्या टपावर सोलर: आधी सावली बघा, मग वॅट

पॅनेल विकत घेण्याआधी एक काम जरूर करा. ज्या मापाचं पॅनेल मनात आहे, त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि गाडीच्या टपावर ठेवा. सकाळी दहाला आणि दुपारी चारला त्यावर एसीची किंवा कॅरिअरची सावली पडते का ते बघा. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यात सावली आली तरी वीज कितीतरी घटते. सावलीतल्या मोठ्या पॅनेलपेक्षा उघड्यावरचं लहान पॅनेल बरं.

१२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवे, पंखा आणि मोबाइल मिळून दिवसाला साधारण ५०० ते ६०० वॅट-तास लागतात. आडवं बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल कडक उन्हाच्या दिवसांत तेवढी वीज देतं. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र देणार नाही; तेव्हा चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून) बॅटरी चार्ज करायची सोय हवीच.

टपाला चिकटवायची लवचीक पॅनेल हलकी असतात, दिसतातही छान. पण मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याला हात लाववत नाही, आणि पॅनेल तापलं की वीज कमी होते: २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. म्हणून मी काचेचं, फ्रेमवालं मोनोक्रिस्टलाइनच (एकसंध सिलिकॉन स्फटिकाच्या सेलचं) घ्या म्हणेन, खाली तीन-चार सेंटिमीटर हवा खेळेल असं बसवलेलं. त्याचं वजन दहा-बारा किलो भरतं, तेव्हा टप तेवढं पेलेल का ते आधी बघा आणि बोल्टच्या प्रत्येक भोकावर सीलंट नीट भरून घ्या.