बटाट्याचे ब्लिंट्झ फसतात कुठे? या चुका टाळा

डोसे-घावन करण्यात ज्यांचा हातखंडा आहे, त्यांचेच ब्लिंट्झ जास्त बिघडतात, असं माझं ठाम मत आहे. कृती ओळखीची वाटते, मग हात सवयीने चालतो आणि तिथेच घोळ होतो.

ब्लिंट्झ हा पोलंड-युक्रेनकडच्या अश्केनाझी ज्यूंच्या घरातला पदार्थ. मैदा आणि अंड्यांची अगदी पातळ पारी एकाच बाजूने भाजायची, सारण भरून तिची चौकोनी घडी घालायची आणि ती घडी पुन्हा लोण्यावर परतायची. शावुओतच्या सणाला दुधातुपाचे पदार्थ खाण्याची रीत आहे, तेव्हा चीज भरलेले ब्लिंट्झ होतात. बटाटा आणि परतलेला कांदा भरलेले मात्र एरवीही, साध्या जेवणाला चालतात. स्थलांतरितांबरोबर हा पदार्थ न्यूयॉर्कला गेला आणि लोअर ईस्ट साइड भागातल्या डेअरी रेस्तराँमध्ये, म्हणजे मांस न ठेवता दुधातुपाचे पदार्थ देणाऱ्या खाणावळींमध्ये, रुळला. 1905 साली सुरू झालेलं रॅटनर्स त्यासाठी नावाजलेलं होतं.

साधारण 12 ब्लिंट्झसाठी 125 ग्रॅम मैदा, 3 अंडी, 300 मिली दूध, 2 मोठे चमचे वितळवलेलं लोणी आणि अर्धा लहान चमचा मीठ घ्या. सारणाला 600 ग्रॅम बटाटे, 2 मोठे कांदे, मीठ आणि मिरपूड. लोण्याऐवजी अमूलचं पिवळं बटर घेणार असाल तर ते मुळात खारट असतं, पिठातलं मीठ निम्मं करा.

पीठ भिजवलं की लगेच तवा

पीठ तयार झालं की लगेच तवा ठेवायचा मोह आवरा. फेटताना मैद्यात ताण येतो आणि हवा शिरते. असं पीठ तव्यावर आक्रसतं, पारीला भोकं पडतात. अर्धा तास झाकून ठेवलं की मैदा नीट भिजतो, फेस बसतो आणि पारी लवचिक होते. त्या वेळात पीठ थोडं दाटही होतं, म्हणून करायला घेण्याआधी पुन्हा ढवळून बघा. ते डोशाच्या पिठापेक्षा बरंच पातळ, सरसरीत हवं. पळी बुडवून उचलल्यावर तिच्यावर पातळ थर राहिला पाहिजे, जाड लेप नाही. दाट वाटलं तर दोन चमचे दूध घाला. गुठळ्या राहिल्या असतील तर फेटत बसू नका, सरळ गाळून घ्या.

पळीने पसरवणं

डोशाची सवय आडवी येते ती इथे. मधे पीठ ओतून पळीने गोल फिरवलं की पारी एकीकडे जाड, एकीकडे फाटकी होते. 20 सेंटिमीटरचा निर्लेप तवा मध्यम आचेवर तापवा आणि लोण्याचा नुसता हात फिरवा. तवा उचलून धरा, 45 मिली पीठ ओता आणि लगेच मनगट फिरवून सगळीकडे पसरू द्या. डावात एकदाच पाणी मोजून खूण लक्षात ठेवा, म्हणजे दर वेळी अंदाज बांधावा लागत नाही. ओतल्या ओतल्या चर्र आवाज होऊन जाळी पडली तर तवा फार तापलाय. काहीच आवाज नाही आणि पीठ नुसतं वाहतंय, तर अजून तापायचाय. पहिली पारी तवा जोखण्यासाठीच असते, ती उभ्या उभ्या खाऊन टाका.

पारी उलटणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त होणारीही. दोन्ही बाजूंनी भाजलेली पारी घडी घालताना चिरते. शिवाय दुसऱ्यांदा परतल्यावर चामट होते ती वेगळीच. साधारण मिनिटभरात वरचा ओला चकाकणारा थर मंद, कोरडा दिसू लागतो, कडा तव्यापासून सुटून किंचित वर येतात. तेवढंच भाजायचं. मग तवा स्वच्छ सुती कापडावर पालथा करा, पारी आपली आपण खाली पडते, भाजलेली बाजू वर येते. सारण याच भाजलेल्या बाजूवर ठेवायचं. म्हणजे घडी घातल्यावर फिकी बाजू बाहेर राहते आणि ती नंतर लोण्यात खरपूस होते. उलटं केलंत तर भाजलेली बाजू पुन्हा भाजली जाऊन काळपट होते आणि आतली बाजू कच्चट राहते.

बटाटा कुकरमध्ये सोलून शिजवणं

सोललेल्या, चिरलेल्या बटाट्यात कुकरमध्ये पाणी भरतं. मग सारण सैल होतं आणि पारी आतून ओली होऊन तव्यावर फुटते. बटाटे सालीसकट, अख्खे उकडा. सोलून गरम असतानाच कोरड्या कढईत मिनिटभर फिरवा, वाफ निघून जाऊ द्या. पातळ सालीचा नवा बटाटा टाळा, साठवणीचा जुना पिठूळ बटाटा घ्या. कुस्करायला पुरणयंत्र फार छान. मिक्सरला मात्र अजिबात लावू नका, बटाट्यातला स्टार्च मोकळा होऊन डिंकासारखा चिकट लगदा होतो. तो नंतर कशानेही सुधारत नाही.

कांद्याला घाई चालत नाही. बारीक चिरून, चिमूट मीठ घालून, मंद आचेवर 20-25 मिनिटं तांबूस होईपर्यंत परता. या सारणाची सगळी चव त्या कांद्यातच आहे. म्हणूनच हळद-मोहरीची फोडणी आणि आलं-मिरची घालू नका असं मी सांगेन. चविष्ट लागेल यात शंका नाही, पण ती बटाटेवड्याची भाजी झाली. मीठ आणि भरपूर ताजी मिरपूड बस्स. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम सारणाची वाफ पारीला ओलं करते.

भरताना दोन मोठे चमचे पुरेत. मधे नाही, तुमच्याकडच्या कडेजवळ आडवं ठेवा. ती कड त्यावर दुमडा, दोन्ही बाजू आत घ्या, मग पुढे गुंडाळा.

परतताना तोंडाची बाजू आधी तव्यावर ठेवा म्हणजे घडी तिथेच चिकटून बंद होते. आच मध्यमपेक्षा जरा कमी. निव्वळ लोणी जळतं, त्यात थोडं तेल मिसळा. साजूक तूप घेतलं तर तो प्रश्नच येत नाही, चवही छान लागते. दर बाजूला 2-3 मिनिटं पुरतात. तवा गच्च भरू नका.

बरोबर आंबट क्रीम देतात. ते नसेल तर चक्का थोड्या ताज्या सायीबरोबर फेटून घ्या. पातळ दही ओतलंत तर खालची खरपूस बाजू लगेच नरम पडते.

अंडं न खाणाऱ्यांसाठी स्पष्टच सांगते: पारीला लवचिकपणा अंड्यांमुळे येतो. मैद्यात 2 चमचे कॉर्नफ्लोअर घालून पारी होते, पण कोपऱ्यात चिरते. तिची घडी न घालता सैल सुरळी करा. दूध मात्र सहज बदलता येतं. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, त्यामुळे मांसाहारी जेवणाबरोबर ब्लिंट्झ करायचे तर दुधाऐवजी पाणी आणि लोण्याऐवजी तेल वापरतात. तुमच्या पाऱ्या फार लवकर करपत असतील तर हीच युक्ती अर्धी वापरा, निम्मं दूध आणि निम्मं पाणी.

आधी करून ठेवायचे असतील तर परतू नका. भरलेल्या घड्या ताटात सुट्या मांडून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग डब्यात भरा. खायच्या वेळी बाहेर काढून ठेवू नका, वितळताना पाणी सुटतं आणि पारी गळते. गोठलेलेच मंद आचेवर तुपात ठेवा, पहिली 5 मिनिटं झाकण घाला, मग काढून दोन्ही बाजू खरपूस करा.