पहिलीचा वर्ग मिळालाय आणि "खेळातून शिकवा" म्हणतायत? मग हे वाचा

पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल) नवीन लागलेल्या बऱ्याच जणांना पहिली-दुसरीचाच वर्ग मिळतो, कारण जुने सर-मॅडम वरचे वर्ग सहसा सोडत नाहीत. मग विचारतात की ट्रेनिंग झालं, पीपीटी पाहिल्या, टाळ्या पण वाजवल्या, पण सोमवारी सकाळी वर्गात जाऊन नेमकं करायचं काय? मी स्वतः घाटावरची, डीएड करून पालघर जिल्ह्यात डहाणूकडे एका पाड्यावरच्या झेडपी शाळेत लागले आणि तेव्हापासून लहान पोरंच माझ्याकडे आहेत. त्यामुळे मी लिहितेय ते दोन शिक्षकी शाळेतलं आहे, पहिली-दुसरी एकाच खोलीत, बाहेर धो धो पाऊस असं. शहरातल्या शाळेत गोष्टी थोड्या वेगळ्या असतील, बघून घ्या.

ज्यांची अजून तयारीच चालू आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. बारावीनंतर दोन वर्षं डीएलएड (जुनं डीएड), मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर १ (हा पहिली ते पाचवीसाठी असतो), मग टेट म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्रवर पसंतीक्रम. लागल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला मानधन २०२३ पासून १६ हजार झालंय, आधी ६ हजार होतं. बाकी सगळं यूट्यूबवर आहे.

आता सरकारी कागदांचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वय हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि आपली पहिली-दुसरी एकाच गाठोड्यात. २०२१ ला निपुण भारत आलं (लहान वर्गांत वाचन आणि गणिताचा पाया पक्का करायचं अभियान), त्याच वर्षी पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळातून शाळेची तयारी करायचं विद्याप्रवेश आलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जादुई पिटारा, म्हणजे खेळणी आणि साहित्याची पेटी. नावं पाठ नसली तरी चालतील पण निपुणची पहिलीची उद्दिष्टं मात्र स्वतः वाचा. पहिली संपेपर्यंत चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंत संख्या आणि साधी बेरीज-वजाबाकी यावी, साधारण एवढंच आहे. हे प्रिंट काढून भिंतीवर लावून ठेवा. जूनमध्येच कुणी येऊन "अजून बाराखडी नाही झाली?" असं विचारलं की वाद घालत बसावं लागत नाही, बोट दाखवायचं.

आता मुद्द्याचं. खेळातून शिकवणं म्हणजे काय हे दोन टोकांनी समजून घेतात लोक. एक म्हणजे पोरांना मैदानात सोडायचं आणि आपण ऑनलाइन माहिती भरत बसायचं. दुसरं, जे जास्त दिसतं, म्हणजे मॅडम पुढे उभ्या राहून कृतीगीत घेणार आणि सगळी पोरं ओळीत हात वर-हात खाली करणार. कृतीगीत वाईट नाही, मी पण घेते, पण त्यात पोराने स्वतः काय ठरवलं? काहीच नाही. ३ ते ८ वयाच्या नवीन अभ्यासक्रम आराखड्यात मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि शिक्षकाने आखलेला खेळ असं तिन्ही आहे आणि आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये सगळा भर त्या तिसऱ्यावरच जातो, कारण तो स्टेजवर करून दाखवता येतो. खरी मेहनत मधल्या प्रकारात आहे, पोरं खेळतायत आणि तुम्ही त्यात आहात पण खेळ तुमचा नाही.

माझ्या वर्गातलंच सांगते. आमच्याकडे आठवडे बाजार मोठा असतो, पोरं आईबरोबर जातात, त्यामुळे बाजार हा खेळ त्यांना शिकवावा लागत नाही. एका कोपऱ्यात जुनी चादर, चिंचोके, शंख-शिंपले, पानांच्या जुड्या, खोट्या नोटा, एक मोडका तराजू. पोरं आपोआप बसतात. मी गिऱ्हाईक होते. "दहाला किती जुड्या? माझ्याकडे वीसची नोट आहे, मला एकच जुडी पाहिजे, परत किती देशील?" एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटं चालतं आणि त्यात तुम्हाला जे दिसतं ते कुठल्याच चाचणीत दिसत नाही. कोण मोजताना एकच चिंचोका दोनदा धरतं, कोण पन्नासपर्यंत घडाघडा म्हणतं पण सात उचलून दे म्हटलं की मूठ भरून देतं, कोणाला पाच वस्तू न मोजताच पाच दिसतात. तिघांना तीन वेगळ्या गोष्टींची गरज आहे हे तिथेच कळतं. दुसरीवाले माझ्याकडे दुकानदार असतात, त्यांनी हिशोब वहीत लिहायचा, म्हणजे एकत्र वर्गाचा प्रश्न पण थोडा सुटतो.

हे सगळं टिपून ठेवा. रोज सगळ्या पोरांचं लिहायला जाल तर आठवड्यात सोडून द्याल. रोज दोन-तीन पोरं ठरवायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, दोन ओळी लिहायच्या, तारीख टाकायची, बस. "हुशार आहे, खेळात भाग घेतो" असलं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. "आठ ठोकळे मोजले, नववा म्हणताना अडखळला" असं लिहा.

साहित्याबद्दल एक सांगते, थोडं कडू लागेल. टीएलएमच्या (शैक्षणिक साहित्याच्या) नावाखाली थर्माकोल आणि चमकीचे जे तक्ते बनतात त्यांना हात लावायला पोरांना मनाई असते, मग ते कोणासाठी आहेत? तीच गत पिटाऱ्याच्या पेटीतल्या खेळण्यांची, फुटतील म्हणून कपाटात कुलूपबंद, अधिकारी आले की बाहेर. फुटू दे की, वापरायलाच आलंय ते. आणि एकदम सगळं काढू नका. तीन-चार कोपरे पुरेत (आमच्या खोलीत तेवढेच मावतात), आणि तेच साहित्य दोन-तीन आठवडे राहू दे. पहिले काही दिवस पोरं नुसती हाताळतात, ओततात, भांडतात, खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. रोज नवीन काही दिलं तर ती कायम हाताळण्यातच राहतात. आवरायला वेळ ठेवा, आणि आवरणं हे पण गणितच आहे, चोवीस ठोकळे होते, बावीस मिळाले, दोन कुठे गेले?

जून-जुलैत मैदान विसरा. लगोरी, शिवणापाणी सगळं दिवाळीच्या आसपास. पावसाळ्यात व्हरांडा आणि चिखल. शेतातली चिकट माती आणून ठेवली की पोरं भाकऱ्या, बैल, भांडी काय काय करतात, आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत तर चिखलात गवताच्या काड्या रोवून सगळी खाचरंच तयार होतात. पालक म्हणतात माती खेळवतात शाळेत. पण मळणं, ओवणं, फाडणं, गाठ मारणं यातून बोटं आणि मनगट तयार होतं आणि तेच पुढे पेन्सिल धरायला लागतं. हात तयार नसताना अ गिरवायला दिलं की पोर पेन्सिल मुठीत आवळून कागद फाडतं आणि वर त्याला लिहायचा कंटाळा बसतो.

भाषेचं तर खूपच महत्त्वाचं. आमच्याकडे घरी वारली बोलतात. धड्याच्या वेळी गप्प बसणारी पोरगी बाहुलीच्या कोपऱ्यात तोंड बंद करत नाही, हे मी दरवर्षी बघते. तिथे तिला प्रमाण मराठीत दुरुस्त करायला जाऊ नका, जागीच गप्प होईल. ती जे बोलली तेच वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहा आणि बोट फिरवत वाचा. स्वतःचं बोलणं लिहिलं जातं आणि परत वाचता येतं हे एकदा कळलं की निम्मं काम होतं. पुस्तकातला शब्द शेजारी हळूच आणता येतो. तुम्ही पण चार वारली शब्द शिका, पोरं हसतात, हसू दे.

आणि हो, ट्रेनिंगमध्ये फिनलंडचे व्हिडिओ दाखवतात तेव्हा मला गंमत वाटते, कारण हे सगळं आमच्या दाराशी होऊन गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं तर बिया, पानं, खडे, शंख घेतले. पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावर अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. सरकारची अंगणवाडी योजना आली ती १९७५ मध्ये, म्हणजे बरीच नंतर. डहाणू बाजूला आलात तर कोसबाडला जाऊन या.

पालकांचं काय करायचं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बाप येतो, वही उघडतो, कोरी दिसते, म्हणतो इंग्लिश मीडियमवाला पुतण्या एबीसीडी लिहितो. भाषण देऊन फायदा नसतो. शाळापूर्व तयारीचा "पहिले पाऊल" मेळावा २०२२ पासून होतोय, त्यातले माता गट नुसते फोटोपुरते ठेवू नका. आयांना वर्गात बोलवा, बाजाराच्या खेळात बसवा, आपलं पोर सुट्टे पैसे कसं परत देतंय ते त्यांना बघू द्या. घरी तांदूळ निवडताना, भाकरी वाढताना मोजायला लावा एवढंच सांगा, ते त्या करतात. वहीत पण काहीतरी दिसू द्या, चित्र, त्याखाली पोराने सांगितलेलं वाक्य तुमच्या अक्षरात. विस्तार अधिकारी आले तर हीच वही आणि निरीक्षणाची नोंदवही पुढे करा, मला तरी आजवर त्यावरून कोणी काही बोललं नाही.

शेवटचं फक्त आमच्यासारख्या भागात लागलेल्यांसाठी. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर. शिक्षण हमी कार्ड (पोराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) भरून द्याच, पण त्याला तुमच्या नोंदींचं एक पान झेरॉक्स करून जोडा, ९ पर्यंत मोजतो, नावातलं पहिलं अक्षर ओळखतो, बोलायला लाजतो पण मातीकामात रमतो, असं. कार्डावर फक्त इयत्ता आणि हजेरी असेल तर तिकडची शाळा पोराला थेट शेवटच्या बाकावर बसवते. आणि पालकांचा मोबाईल नंबर जायच्या आधीच घेऊन ठेवा, भट्टीवर पोचल्यावर नंबर बदलतात.