कापडी सनरूफ: कापलेली कडा उघडी ठेवू नका

घरी गाडीला सरकतं कापडी सनरूफ बसवताना भीती वाटते ती छत कापायची. पुढे खरा त्रास देते ती मात्र पत्र्याची कापलेली कडा, कारण उघडी राहिली की ती गंजते.

आधी आतलं अस्तर उतरवा. आडव्या पट्ट्या आणि वायरी कुठून गेल्यात ते बघा. पट्टी कापावी लागणार असेल आणि सनरूफच्या किटमधली चौकट तेवढा आधार देत नसेल, तर जागा बदला. छताच्या कडेने एअरबॅग असतील तर हे काम घरी करूच नका.

कापायच्या आकाराचा साचा छताच्या बरोबर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी मोजा, मग पुन्हा मोजा. मास्किंग टेप रुंद लावा, म्हणजे जिगसॉच्या (विजेवर चालणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीच्या) बुडाने रंग खरवडला जात नाही. कोपरे गोलच ठेवा. काटकोनी कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो. शेवटची वीतभर राहिली की कुणालातरी खालून तुकडा धरायला सांगा, नाहीतर तो लोंबकळून कडा वाकवतो.

आता घाई नको. कडेला कानस मारा, हातमोजा घालूनच. उघड्या पत्र्याला प्रायमर, वर रंग, आणि पूर्ण वाळू द्या. लोखंडाचा कीस काचेच्या रबरात, बॉनेटच्या फटीत जाऊन बसतो आणि ओल लागली की तिथे तांबूस ठिपके उमटतात. तो ब्रशने, व्हॅक्यूमने काढा. पुसू नका, रंगावर ओरखडे येतील.

चौकटीखाली सीलंट सलग भरा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. सीलंट वाळल्यावर पाइपने पाणी सोडून बघा. अस्तर त्यानंतरच लावा.