मालदांडीचे वाण, तीनशे नमुने: जीनोम किती वाचायचा?

ज्वारीचा प्रकल्प हातात आला की पोरं पहिलं हेच म्हणतात, "मॅडम, सगळा जीनोमच वाचून घेऊ या ना?" घ्या की, पैसे असतील तर. ज्वारीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, साधारण 73 कोटी अक्षरांचा. फरक भरवशानं पकडायचा तर प्रत्येक जागा सरासरी दहादा तरी वाचली जावी. म्हणजे एका रोपामागं 730 कोटी अक्षरं. तीनशे रोपांचा हिशोब तुम्हीच करा.

गावोगावची मालदांडी एकमेकींपासून किती वेगळी, एवढंच बघायचं असेल तर जीबीएस (जीनोमचा थोडाच भाग वाचून फरक शोधायची पद्धत) पुरे. यात एन्झाइमनं डीएनए ठराविक जागी कापतात, प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना वेगळा बारकोड जोडतात आणि कापाच्या आजूबाजूचंच वाचतात. 96 खणांच्या प्लेटमध्ये 95 नमुने भरा, एक खण कोरा ठेवा. कोऱ्यातही ज्वारी निघाली तर कुठंतरी सरमिसळ झालीय. डीएनएतले फरक तपासायची तयार चिप सुटसुटीत खरी, पण तिच्यावर आधीच बसवलेल्या जागाच ती दाखवते. बाहेरच्या वाणांवरून बनवलेल्या चिपला मंगळवेढ्याच्या ज्वारीचं वेगळेपण कुठून दिसणार? जुन्या वाणांसाठी मी तरी चिप घेणार नाही.

खरं काम पानात असतं. दोन-तीन आठवड्यांच्या रोपाचं कोवळं पान सकाळीच तोडा. आपल्याकडं ऑक्टोबरातही ऊन सोडत नाही, तेव्हा बर्फाचा डबा नसेल तर पान लगेच सिलिका जेलमध्ये टाका. पाकिटावर पेन्सिलीनंच लिहा. अल्कोहोल सांडलं की मार्करची शाई पुसते. डीएनए सीटॅब या साबणासारख्या रसायनानं काढा. डाळिंबाची पानं असतील तर पीव्हीपी (पानातली टॅनिनसारखी द्रव्यं धरून ठेवणारी पूड) विसरू नका, नाहीतर डीएनएचा गोळा तपकिरी येतो आणि पुढं एन्झाइम नीट कापतच नाही. डीएनएची शुद्धता सांगणारं 260/280 चं गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं) 1.8 च्या आसपास आलं तरी तो विजेनं तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर चालवाच. वर एक ठसठशीत पट्टी दिसली तर ठीक. खालपर्यंत धूसर शेपूट ओढली गेली असेल तर डीएनए तुटलाय, नव्यानं काढा.

व्हीसीएफ फाइल (कुठल्या रोपात कुठल्या जागी कुठलं अक्षर, याची यादी) आली की आधी छाटणी. ज्वारी मुख्यतः स्वपरागित, त्यामुळं एखाद्या जागी जवळजवळ सगळी रोपं 'हेट' (जागेच्या दोन प्रतींत दोन वेगळी अक्षरं) दिसली तर हुरळू नका. बहुतेकदा जीनोममधल्या दोन सारख्या तुकड्यांचं वाचन एकाच जागी येऊन बसलेलं असतं. ती जागा काढा. निम्म्या रोपांत माहितीच नाही, अशाही काढा. उरलेल्यांवरून वाणांची वंशावळ मांडा, आणि एकाच शेतातले दोन नमुने भलतीकडं गेले तर नवा वाण सापडला म्हणण्याआधी पाकिटं ताडून बघा.