इंग्रजी शब्द कानाने नाही, डोळ्याने शोधा

‘पाच अक्षरी शब्द, त्यात जी आणि एच दोन्ही हवेत.’ असं कोडं समोर आलं की मी आधी शब्द मनात उच्चारून बघायचे. ‘घोस्ट’ सुचायचा आणि गाडी तिथेच अडायची. माझं शिक्षण मराठीतून झालं. देवनागरीत बोलतो तसं लिहितो, म्हणून शब्द कानाने शोधायची सवय अंगात मुरलेली. इंग्रजीत हीच सवय नडते. ‘लाफ’ म्हणताना ना जी ऐकू येतो ना एच, पण स्पेलिंगच्या शेवटी दोघंही शेजारी शेजारी बसलेले असतात.

म्हणून कागद घ्या आणि पाच चौकोन काढा. मनात नको, कागदावरच काढा. आता जी-एच ही जोडी एकेका जागी सरकवत न्या. सुरुवातीला ठेवली की घोस्ट, घूल. शेवटी ठेवली की लाफ, कॉफ, रफ, टफ, मळलेल्या कणकेचा डो, वजन करण्याचा वे, मांडीचा थाय. तिसऱ्या-चौथ्या चौकोनात ठेवून मागे टी लावला की नाइट, लाइट, फाइट, एट, ऑट. मग जोडी फोडा: जी आधी आणि एच शेवटी असलेला ग्राफ, एच आधी असलेले थिंग आणि बिजागरीचा हिंज. एका घोस्टवर अडलेलं कोडं सतरा शब्दांपर्यंत आलं, आणि यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही.

प्रत्येक अक्षराचे असे सोबती ठरलेले असतात. जोडाक्षरं गिरवत वाढलेल्या आपल्याला हे पटकन कळतं. बी-आर, टी-आर, पी-एल, एस-टी सुरुवातीला चालतात. सी-के आणि एन-जी शेवटी शोभतात, सुरुवातीला शोधत बसू नका. के-एन आणि डब्ल्यू-आर मात्र मुद्दाम तपासा. नॉक आणि राँग या शब्दांत पहिलं अक्षर मुकं असल्यामुळे कान ते हमखास गाळतो.

उरलेल्या चौकोनांत स्वर भरा, पहिला ई. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचातल्या 100 सोंगट्यांमध्ये ई 12 आहेत, ए आणि आय प्रत्येकी 9, क्यू आणि झेड एकेकच. हा खेळ रचणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं होतं, त्यामुळे त्यावर खुशाल विसंबा. शेवटचा चौकोन रिकामा असेल तर ई आधी तिथेच लावून बघा, कारण तिथेही तो बहुतेकदा मुका असतो. एकही स्वर बसत नसेल तर वाय: क्रिप्ट, निम्फ, आणि सहा अक्षरी हवा असेल तर ऱ्हिदम.

आता वर्डलमधला एक सापळा. 2021 साली जॉश वॉर्डल यांनी सर्वांसाठी खुला केलेला हा खेळ: पाच अक्षरांचा लपवलेला शब्द सहा संधींत ओळखायचा. आपण टाकलेल्या शब्दातलं जे अक्षर उत्तरात असेल, ते रंगतं. एकदा दुसऱ्याच संधीला माझी शेवटची चार अक्षरं जुळली: आय-जी-एच-टी. मी हरखले आणि लाइट, माइट, नाइट, राइट असे एकेक शब्द लावत सुटले. चारही संधी संपल्या, उत्तर हुकलं. रोजच्या वापरातले असे आठ शब्द आहेत: फाइट, लाइट, माइट, साइट, नाइट, राइट, टाइट आणि आठ आकड्याचा एट. एकेक लावत बसलात तर नशिबावर सोडल्यासारखंच आहे.

अशा वेळी उत्तर नाहीच हे माहीत असतानाही ‘फिल्म्स’ टाका. एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. त्यातलं एखादं रंगलं तर शब्द हाती आला. नाहीच रंगलं तर ‘इनर्ट’: त्यात एन, ई, आर आहेत. तिघांपैकी जे रंगेल ते तुमचं पहिलं अक्षर. एकही रंगलं नाही तर उत्तर टाइट. दोन संधी खर्चून तिसरीला या आठांतला शब्द नक्की सापडतो. (मूळ खेळात हे चालतं. ‘हार्ड मोड’ लावला असेल तर जुळलेली अक्षरं जागच्या जागी ठेवावीच लागतात, तिथे हा उपाय नाही.)

सापडलेले शब्द वहीत अर्थाप्रमाणे नका लिहू, जोडीप्रमाणे लिहा. माझ्या वहीत जी-एचचं पान भरलंय, सध्या के-एनचं चालू आहे: नॉक, नाइफ, नील, नेल्ट.